अंथरूण विणणाऱ्यांचं गाव

[दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग. अरुंद गल्ली, बंद दार. आधी नुसता मागाचा खडखडाट ऐकू येतो, मग दार उघडतं.]

अंथरूण पाहून पाय पसरावेत. मराठी घरात ही म्हण कुणी शिकवावी लागत नाही, ती वरण-भातासोबत पोटात जाते. सोलापुरात मात्र ती ऐकताना थोडं हसू येतं, कारण हे अंथरूण विणणाऱ्यांचंच गाव. सोलापुरी चादर महाराष्ट्रातल्या कुठल्या घरात नाही? पाहुण्यांसाठी कपाटात घडी घालून ठेवलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली, वीस वर्षं झाली तरी न फाटणारी.

ती विणणाऱ्या गावाबद्दल एक शेरा नेहमी ऐकू येतो. सोलापूरकर फार जपून वागतो. भाव विचारून दोनदा परत जाईल, तिसऱ्यांदा घेईल. पोरानं धंदा काढतो म्हटलं की घरात सुतक, नोकरी लागली म्हटलं की पेढे. बाहेरचे हे बोलतातच, पण सोलापूरकर स्वतःही मान डोलावतो. "आमचं गावच असलंय की ओ," म्हणतो आणि विषय संपवतो.

विषय तिथं संपत नाही. गावाला स्वभाव असतो की गावाला आठवण असते, हे पाहायला आपण निघालो आहोत.

[दृश्य : मंगळवेढ्याचं काळं रान. कणसात आलेली ज्वारी.]

सोलापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मंगळवेढं. इथली काळी जमीन ऑक्टोबरात ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर, वरून पाऊस नसतानाही, मालदांडी ज्वारी उभी राहते. तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. जुन्या घरांत ही ज्वारी पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड बंद करून वर माती लोटलेली. एखाद्या गोष्टीचं "पेव फुटलं" असं आपण आज वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा पेव पाहिलेलं कुणी आसपास नसतं.

पेव हीच इथली पहिली बँक. व्याज शून्य, पण एका वाईट वर्षाची हमी. आणि वाईट वर्ष इथं पाहुण्यासारखं येत नाही, भाडेकरूसारखं राहतं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६ चा, मग १९७२ चा. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली, परदेशातून आलेली ती लालसर मिलो ज्वारी नाक मुरडत दळून आणलेली. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला, त्याची मुळं त्याच खडीच्या ढिगात आहेत. मागेल त्याला काम देणं सरकारचं कर्तव्य आहे, ही कल्पना उन्हात दगड फोडणाऱ्यांनी आधी अनुभवली. कायदा मागून आला.

इथली भाकरीसुद्धा पाहा. कडक भाकरी पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवतात. महिनोन् महिने टिकते, सोबत शेंगाची चटणी. आता ती डब्यात भरून पुण्या-मुंबईला विकली जाते आणि लोक आवडीनं खातात. पण भाकरी साठवून ठेवायची कल्पना सुचायला उद्याचा भरवसा नसावा लागतो.

याच मंगळवेढ्यात दोन गोष्टी सांगितल्या जातात, आणि दोन्हींतले नायक सरकारी नोकर आहेत. हे माझ्या मते फार सोलापुरी आहे.

पहिले बसवेश्वर. बारावं शतक, कलचुरी राजा बिज्जळ, आणि त्याच्या दरबारात हिशेब सांभाळणारा हा माणूस. पुढे त्यांनी कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, जी चळवळ उभी केली तिचा गाभा कायक आणि दासोह या दोन शब्दांत आहे. कायक म्हणजे अंगमेहनतीनं, सचोटीनं केलेलं काम. तेच पूजन, तोच कैलास. दासोह म्हणजे त्या कमाईतला वाटा समाजाला देणं. चांभार, धोबी, नावाडी, सूतकताई करणारी बाई, सगळे आपापल्या कामासह या चळवळीत आले.

त्यांच्यातलंच एक जोडपं आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा. मारय्याचं काम सांडलेले तांदूळ वेचून आणणं. एके दिवशी तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्मा खूश झाली नाही. एवढी हाव कशाला, असं विचारून तिनं जास्तीचे तांदूळ परत टाकून यायला सांगितलं.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं की युरोपातल्या प्रॉटेस्टंट पंथांनी कामाला धर्माचं मोल दिलं, चैन निषिद्ध मानली, म्हणून पैसा साठला, तो पुन्हा धंद्यात गेला आणि त्यातून भांडवलशाहीची वृत्ती घडली. हिंदुस्थानबद्दल त्यांचं मत होतं की इथली जातव्यवस्था आणि कर्मसिद्धांत अशी वृत्ती घडू देत नाहीत. वेबर लक्कम्माला भेटले असते तर जरा अडखळले असते. इथं काम पवित्र आहे, चैन नाही, अगदी त्यांना हवं तसं. फक्त पुढच्या पायरीवर हिशेब वेगळा होतो. उरलेलं धंद्यात जात नाही, दासोहात जातं. याच चळवळीतल्या सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे गावाच्या सिद्धेश्वरांनी, सोलापुरात तळं खोदवलं, ते आजही गावाच्या मध्यभागी आहे. भांडवल साठलं, पण ते पाणी होऊन साठलं.

दुसरी गोष्ट दामाजीपंतांची. बहामनी काळातले इथले अधिकारी. दुष्काळ पडला, माणसं तडफडू लागली, तेव्हा त्यांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली. बिदरहून बोलावणं आलं. आणि कथा सांगते की विठ्ठल स्वतः विठू महाराच्या रूपानं दरबारात गेला, धान्याची किंमत मोजली आणि पावती घेऊन आला.

पावती! देवानंसुद्धा पावती घेतली. भुकेल्यासाठी नियम मोडायला या कथेची पूर्ण संमती आहे, पण देणं बुडवायला नाही. मराठीत पैशाला गमतीनं दामाजीपंत म्हणतात, ते उगाच नाही.

[दृश्य : जुन्या गिरणीची भिंत. वाढलेलं गवत. क्षणभर शांतता.]

सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ च्या सुमाराची. म्हणजे नेमके त्या मोठ्या दुष्काळाचे दिवस. रान उजाड झालेली माणसं भोंग्याच्या आवाजावर चालायला शिकली. मागोमाग लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू अशा गिरण्या आल्या. पावसावर जगणाऱ्या माणसाला पहिल्यांदा महिन्याच्या ठरल्या दिवशी पैसा मिळू लागला. नोकरी हा शब्द इथं एवढा जड का, ते इथून कळतं.

सगळ्यांना तो पैसा सारख्या वाटेनं आला नाही. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत झाली, तिथून माणसं गिरण्यांत कामाला जात आणि हजेरी द्यायला परत येत. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटल्यावर. तो भाग आजही सेटलमेंट या नावानं ओळखला जातो. ज्याच्या आजोबांची ऐपत हजेरीच्या वहीत लिहिली जायची, त्याला "कर्ज काढून धंदा का नाही करत" असं विचारणं सोपं आहे.

आता एक गोष्ट, जी सोलापुरातही फारशी कुणी सांगत नाही. २७ ऑगस्ट १९४९ ला सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांची जुनी मिल, बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर. संविधान लागू व्हायला सतरा दिवस उरले असताना, ९ जानेवारी १९५० ला, केंद्र सरकारनं अध्यादेश काढून या एका गिरणीचा कारभार हाती घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाची याचिका डिसेंबर १९५० मध्ये फेटाळली गेली. दुसरा मात्र डिसेंबर १९५३ मध्ये जिंकला. भरपाई न देता मालमत्तेचा ताबा घेता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. अशा निकालांना उत्तर म्हणून १९५५ मध्ये संविधानात चौथी दुरुस्ती झाली. मालकाचा हक्क मोठा की कामगाराची चूल, हा नव्या देशाचा पहिल्या काही भांडणांतला एक प्रश्न. त्या भांडणाला आमच्या गिरणीचं नाव आहे.

आठवण संविधानात शिरते, हे फक्त आपल्याकडेच घडत नाही. जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराची बचत पावाच्या किमतीची राहिली नाही. त्या देशाला भाववाढीची आणि कर्जाची धास्ती बसली ती पिढ्यान् पिढ्या. २००९ मध्ये त्यांनी सरकारी कर्जावरचा लगाम थेट संविधानात लिहिला. जर्मन भाषेत कर्जाला आणि अपराधाला शब्दही एकाच मुळाचा. पण यात एक मेख आहे. हिटलर सत्तेवर आला त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीत भाववाढ नव्हतीच. भाव उतरत होते आणि साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार होती. देशाच्या स्मरणात राहिला मात्र नोटांचा ढीग, बेकारांची रांग मागे पडली. आठवण सगळं ठेवत नाही, निवडून ठेवते.

सोलापूरनंही निवडलंच. दर १२ जानेवारीला गाव मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना वंदन करतं. १९३० च्या मार्शल लॉनंतर, १९३१ मध्ये, याच दिवशी त्यांना येरवड्यात फाशी दिलं. ते आठवतं, आठवायलाच हवं. गिरण्यांचे भोंगे आणि दिवाळीचा बोनसही हळवे होऊन सांगितले जातात. १९४९ ची बंद फाटकं मात्र कुणी सांगत नाही. म्हणून नव्वदच्या दशकात गिरण्या बंद पडल्या तेव्हा गाव असं हबकलं, जणू हे पहिल्यांदाच घडत होतं.

माझे आजोबा एका गिरणीत साचेवाले होते. गिरणी बंद पडल्यावरही दोन वर्षं ते पहाटे पाचला उठून दाढी करायचे. देणी मिळायला किती वर्षं लागली ते मला नक्की आठवत नाही. आजीला तारखेसकट आठवायचं.

वालचंद हिराचंद याच सोलापुरात १८८२ मध्ये जन्मले. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यांनी जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला. धाडस या मातीत उगवत नाही असं म्हणणाऱ्याला एवढं एक नाव पुरे. फरक इतकाच की बुडालं तर परत यायला त्यांच्यामागे पेढी होती. पूर्व भागातल्या मागवाल्यामागे कोण होतं?

[दृश्य : पुन्हा पहिलीच गल्ली. खोलीत दोन माग. उंबऱ्यात सूप मांडीवर घेतलेली बाई.]

तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज घरात तेलुगू बोलतो, बाजारात मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा या गल्ल्या ओळखू येत नाहीत. आधी हातमाग होते, मग यंत्रमाग आले. चादरीचं गिऱ्हाईक पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटकडे वळलं तसे बरेच माग टॉवेलवर गेले आणि ते टॉवेल परदेशी जातात. म्हणजे जपून वागणाऱ्या या माणसानं दोन पिढ्यांत तंत्र बदललं, माल बदलला, बाजारही बदलला. याला घाबरट म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि उंबऱ्यातली ती बाई विड्या वळतेय. पत्ता कापायचा, तंबाखू भरायची, सूत गुंडाळायचं. दिवसाला हजाराच्या आसपास. नेऊन दिल्या की तपासणारा छाट काढणार, तेवढे पैसे गेले. वीज गेली की नवऱ्याचा माग थांबतो, तिचा हात थांबत नाही. एका घरात दोन कमाया, एकीचं संकट दुसरीला न शिवणारं. अर्थशास्त्राच्या वर्गात जोखीम विभागणं शिकवतात ना, ते हेच.

तिची बचतही तशीच. भिशी आहे, पतसंस्थेची पिग्मी आहे. रोज दारात येऊन वीस-पन्नास रुपये नेणारा एजंट. ही पिग्मीची पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेनं सुरू केली, तेव्हा दिवसाला दोन आणे घेत. एजंट तोंडओळखीचा, म्हणून विश्वास. त्या विश्वासावर काही पतसंस्था बुडाल्याही.

पण हीच बाई एकटीनं जे धाडस करणार नाही ते दहा हजारजणी मिळून करतात. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार स्त्रियांची वसाहत उभी आहे, दहा हजार घरांची. शेजारी रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. मोर्चे, धरणं, सरकारचा वाटा, आणि सोबत स्वतःच्या कमाईतला हिस्सा. कर्जाला भिणाऱ्या बायकांनी पाय पसरले ते अंथरूणच मोठं करून घेऊन.

[दृश्य : एसटी स्टँड, पहाट. पुण्याची गाडी लागलीय.]

तिचा मुलगा हिंजवडीला आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेला आला होता, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानातल्या जत्रेत, हिंडला, आज परत चालला. बॅगेत कडक भाकरीचा डबा, चटणी आणि एक चादर. त्यानं पुण्यात फ्लॅट बुक केलाय, ते सांगायला चार दिवस लागले. हप्ता किती, आईनं विचारलं. त्यानं सांगितला. किती वर्षं? वीस.

कंडक्टरनं घंटी दिली. तिनं खिडकीतून डबा नीट आत सरकवला आणि विचारलं,

"कंपनी टिकंल का रं तवर?"