हिंजवडीचा गुरुवार, घरचा शुक्रवार

(दृश्य: वाकडचा पूल, सकाळी साडेसात)

भूमकर चौकात अजून गर्दी दाटलेली नाही. ज्याचं ऑफिस हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये, त्यातही अगदी आत फेज 3 मध्ये आहे, त्या डेव्हलपरनं आत्ताच निघायला हवं. नऊला निघणाऱ्याची सकाळ रस्त्यावरच जाते.

आज गुरुवार. या टीमचे 3 दिवस ऑफिसात आणि 2 घरी. गुरुवार ऑफिसचा ठेवलाय, तो विचारपूर्वक. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात, आणि घरी बसलेल्याचा दिवस त्यात हकनाक जातो.

(दृश्य: डेस्क, डॉक, मॉनिटर)

डेस्क ठरलेलं नसतं, आदल्या दिवशी बुक करायचं. डॉक म्हणजे सगळ्या जोडण्या एकत्र करणारा डबा; त्याची एक यूएसबी-सी केबल लॅपटॉपला लावली की मॉनिटर, कीबोर्ड, चार्जिंग सगळं सुरू होतं. मॉनिटर काळाच राहिला, तर आधी केबल बदलून बघावी. काही यूएसबी-सी केबल दिसायला अगदी सारख्या असतात, पण फक्त चार्जिंग करतात.

कोडला हात लावण्याआधी रात्रीचे जॉब, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, बघायचे. सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तिथल्या मध्यरात्रीला लावलेला जॉब आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुटतो. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. पहाटे चारला आलेली एरर तो आजच्या तारखेच्या लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) शोधत बसतो. ती असते कालच्या तारखेला, 22:30 च्या नोंदीत.

दहाला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग. 15 मिनिटं. कुठे अडलंय तेवढं सांगायचं, तोडगा नंतर दोघातिघांनी बसून काढायचा. निम्मे मीटिंग रूममध्ये आणि निम्मे घरून असले, की रूममधल्या दोन लॅपटॉपचा आवाज एकमेकांत घुमतो. एकाच यंत्राचा आवाज चालू ठेवावा. बाकीच्यांनी नुसता माइक नाही, स्पीकरही बंद करावा. फळ्यावरच्या आकृतीचा फोटो तिथल्या तिथे टीमच्या चॅनेलवर जायला हवा. नाहीतर घरून जोडलेल्यांना निर्णय कळतो, त्यामागचं कारण कळत नाही.

इतका प्रवास करून दिवसभर हेडफोन लावून बसायचं असेल, तर आलोच कशाला? डिझाइनची चर्चा, नवीन आलेल्याच्या शेजारी बसून केलेलं डीबगिंग, ही ऑफिसच्या दिवसाची कामं. सलग कोड लिहिणं घरी.

(दृश्य: शुक्रवार, घरातलं टेबल)

घरी सगळं दोन छोट्या डब्यांवर अवलंबून: फायबरचा ओएनटी (फायबरची लाइन ज्यात येते तो डबा) आणि वायफाय राउटर. ते बहुधा 12 व्होल्टवर चालतात, त्यामुळे छोटा डीसी यूपीएस पुरतो. घेण्यापूर्वी ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत. नेहमीची चूक म्हणजे फक्त राउटर यूपीएसवर टाकणं. वीज गेली की वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण ओएनटी बंद, म्हणून नेट गायब.

सकाळी पहिल्यांदा मेन ब्रांचमधले, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमधले बदल आपल्या ब्रांचमध्ये, म्हणजे त्या कोडच्या आपल्या वेगळ्या प्रतीत, ओढून घ्यायचे. हे चार दिवस राहिलं, की मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांनी एकाच जागी केलेले बदल, सोडवण्यात दुपार जाते. मग कोड, टेस्ट आणि जेवायला उठण्याआधी पीआर (पुल रिक्वेस्ट: आपला बदल तपासून मेन ब्रांचमध्ये घ्या, अशी विनंती), म्हणजे जेवण होईतो कोडची आपोआप होणारी बांधणी (बिल्ड) आणि टेस्ट उरकतात. पीआर दोनशे ओळींच्या आत असावा. हजार ओळींचा पीआर कुणी वाचत नाही, नुसता मंजूर करतो, आणि तिथेच बग निसटतो.

(दृश्य: संध्याकाळ, कॉल)

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, आणि तोच कॉल आपल्याकडे साडेसातला येतो. मार्चमध्ये घोळ आणखी वाढतो. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते, लंडन शेवटच्या. मधले दोनतीन आठवडे पुणे, लंडन, न्यूयॉर्क या तिघांची गणितं जुळत नाहीत. मीटिंगचं निमंत्रण कुठल्या टाइमझोनमध्ये बनवलंय, हे त्या आठवड्यांत उघडून बघावंच लागतं.

कॉलनंतर हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्याकडे काम सोपवतानाच्या, चार ओळी: कोणती ब्रांच, काय झालं, कोणती टेस्ट अजून फेल होतेय, कुणाच्या उत्तरासाठी थांबलोय. अर्धवट कोडसुद्धा आपल्या ब्रांचवर पुश करून (सर्व्हरवर चढवून) मगच लॅपटॉप मिटायचा.