तोफेखालचा गाडा

[दृश्य: ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला गाळा. रंधा चालू आहे, जमिनीवर सागाच्या छिलक्या.]

किल्ल्यावर तोफ दिसते ती बहुतेक वेळा मातीत लोळत पडलेली. लोखंड टिकलं, लाकूड कुजून गेलं. त्यामुळे तोफ म्हटलं की आपल्याला नुसती नळी आठवते. पण गाड्याविना ती नळी ना हलते, ना नेम धरते. म्हणून आम्ही आधी गाडा करायला घेतला.

प्रसंग उभा करायचाय मार्च १७३७ चा. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे शहर घेतलं, तेव्हा इथल्या किल्ल्याचं बांधकामही पुरं झालेलं नव्हतं. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे.

तोफ सहा पौंडी धरली. म्हणजे गोळा पावणेतीन किलोचा, साधारण ९ सेंटिमीटर व्यासाचा. बाकीची मापं यावरूनच निघतात. त्या काळचे युरोपी कारागीर गाड्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या जवळपास नळीच्या तोंडाइतक्या जाड ठेवत. आम्हीही तेच केलं.

[दृश्य: नळी गाड्यावर बसवताना.]

नळीच्या दोन्ही अंगांचे हे जाड खुंट पाहा. तोल जिथे साधतो, त्याच्या किंचित पुढे ते असतात. त्यामुळे पिछाडी जड राहते आणि खालच्या लाकडी पाचरीवर टेकते. पाचर आत ठोकली की तोंड खाली जातं, बाहेर ओढली की वर. एवढ्याशा लाकडावर गोलंदाजाचा नेम!

[दृश्य: मुरबाडकडचं लोहाराचं अंगण. शेणींचा जाळ.]

खरी कसोटी चाकाची. बाभळीचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, त्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, म्हणजे कडेचे लाकडी तुकडे. वरची धाव, म्हणजे लोखंडी कडं, मुद्दाम थोडी आखूड करतात. जाळात ती लाल होते, वाढते, मग सांडशांनी उचलून चाकावर चढवायची. लाकूड लगेच पेट घेतं.

"पाणी चारी बाजूंनी एकदम घाला रे, नायतर चाक तिरकं व्हईल!" लोहारकाका ओरडतात.

धाव आवळते, सांधे कडाकडा वाजत घट्ट बसतात. बैलगाड्या कमी झाल्या तशी ही कला येणारे हातही कमी झालेत. आम्हाला वाटतं, तोफेइतकंच हेही जपायला हवं.

नळी मात्र ओतीव नाही. आत पाइप, वरून फायबर. बत्तीचं छिद्र नुसतं वरवर कोरलेलं, ते आत पोचतच नाही. तोफेच्या दारूला परवाने लागतात, आणि लहान मुलांच्या गर्दीत ती नकोच. धूर यंत्राचा, आवाज स्पीकरचा.

खऱ्या नळीचं वजन शेकडो किलो. ते अंगाला कळावं म्हणून गाड्यावर वाळूची पोती लादून आम्ही तो चढावर ओढला. दोरखंडाला सगळे लागले तेव्हा कुठे चाकं फिरली.

[दृश्य: मैदानात कवायत.]

आता कवायत. दारू नाही, पण क्रम खराच. बार झाला की आधी ओला बोळा नळीत फिरवायचा. आत ठिणगी राहिली तर पुढची दारू भरणाऱ्याच्या हातातच पेटेल. मग दारू, मग गोळा, गजाने ठासायचं. बोळा फिरवल्याशिवाय दारूच्या पिशवीला हात लावायचा नाही, हे पोरांकडून आम्ही पुन्हा पुन्हा घोटून घेतोय.