शिक्षक घरून परतले नव्हते

प्राचार्य मॅडम, अध्यापक वर्ग आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काही जण २०२१ साली दहावीला असतील. म्हणजे परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, ती बॅच. (हशा) हसू नका. त्या निकालासाठी अंतर्गत मूल्यमापनाचे तक्ते भरताना आमच्या शिक्षकांच्या नाकी नऊ आले होते. नववीतले गुण शोधायचे, दहावीतले जेवढे काही झाले असेल ते जोडायचे, आणि हे सगळे शाळा बंद असताना.

मला विषय दिला आहे ‘कोरोनाकाळात शाळेतले कर्मचारी वर्गात परतले तेव्हा’. सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक म्हणून तो सगळा काळ मी काढला, त्यानंतर निवृत्त झालो. त्यामुळे जे बोलणार आहे ते दारात उभे राहून पाहिलेले आहे. सुरुवातीलाच एक समज दूर करतो, कारण उद्या तुम्ही शिक्षक म्हणून नोकरीला लागलात की चहाच्या टपरीवर कुणीतरी तुम्हाला तो ऐकवणारच आहे. ‘मास्तर लोकांनी दीड-दोन वर्षं घरी बसून पगार घेतला.’ शिक्षक वर्गात परतले हे खरे, पण घरून परतले नाहीत. कुणी जिल्ह्याच्या सीमेवरच्या नाक्यावरून परतला, कुणी रेशन दुकानासमोरच्या रांगेतून, कुणी प्रतिबंधित क्षेत्रातल्या सर्वेक्षणातून.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिल-मेपासून आदेश सुरू झाले. नाक्यावर येणाऱ्या गाड्यांची नोंद, मुंबई-पुण्याहून गावी आलेल्यांच्या याद्या, रेशन वाटपावर देखरेख. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम आली, तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणाऱ्या पथकांत आशाताईंच्या सोबत शिक्षकही होते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांवर हा भार सर्वांत जास्त पडला, आम्ही माध्यमिकवाले तुलनेने सुटलो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कोविडच्या कामावर असताना मृत्यू आला तर कुटुंबाला ५० लाखांचे साहाय्य होते. पण त्यासाठी नेमणूक सिद्ध व्हायला हवी. म्हणून मी माझ्या लोकांना बजावून ठेवले होते, की फोनवर सांगितले म्हणून जाऊ नका, लेखी आदेश घ्या, त्याची प्रत घरी ठेवा आणि बायकोला दाखवून ठेवा. शाळेच्या कामात मुख्याध्यापकाला असलेही काही सांगावे लागेल असे कधी वाटले नव्हते.

आता परतण्याकडे येतो. मुले येण्याआधी मोठी माणसे परतली. २०२० च्या दिवाळीच्या आसपास निम्म्या शिक्षक-शिक्षकेतरांनी शाळेत यावे असे ठरले, ऑनलाइन वर्ग तिथून घ्यावेत म्हणून. हे दृश्य मजेशीर होते. वर्गात फळा, खडू, बाक सगळे हजर. मुले नाहीत. सर स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशाने मारलेल्या रिचार्जवर बोलत आहेत. समोर ४० जणांच्या वर्गातली ११ मुले जोडलेली, आणि त्यातल्या दोघांच्या फोनवरून म्हशींचा आवाज येतो आहे. बाकीच्यांच्या घरी एकच फोन, तो वडिलांसोबत शेतावर गेलेला. सोलापुरातच नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले गेले, ते उगाच नाही.

मग २३ नोव्हेंबर २०२०, सोमवार. नववी ते बारावी सुरू. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाचा, त्यामुळे मुंबईच्या शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंदच राहिल्या. मुंबईतल्या शिक्षकांची आणखी वेगळी कथा. लोकल सर्वांसाठी बंद होती, आणि शिक्षक-शिक्षकेतरांना तिच्यात बसायची परवानगी नोव्हेंबरच्या मध्याला मिळाली. विरार-कर्जतला राहून दादरच्या शाळेत हजेरी कशी लावायची, हा प्रश्न परिपत्रक काढताना कुणाच्या डोक्यात आला होता की नाही, देव जाणे.

आमच्याकडे प्रश्न चाचणीचा होता. सोमवारच्या आत प्रत्येक शिक्षकाची आरटीपीसीआर. आता विचार करा, तालुक्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांचे कर्मचारी त्याच चार-पाच दिवसांत ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात. आठ महिने ‘गर्दी करू नका’ म्हणून गावाला सांगणारी माणसे स्वतः गर्दीत उभी! रविवारी संध्याकाळपर्यंत निम्म्यांचे अहवाल नाहीत. बाधित निघालेले काही जण तर ठणठणीत होते, एकालाही साधा खोकला नव्हता. गावात मात्र बातमी अशी पसरली की ‘हायस्कूलचे मास्तर पॉझिटिव्ह’. सोमवारी मुलांपेक्षा संमतीपत्रेच कमी आली.

नियम साधे होते, पाळायला अवघड होते. दिवसाला जास्तीत जास्त चार तास, निम्मी मुले आज तर निम्मी उद्या, डबा नाही, आणि वर्गात भर गणित, विज्ञान, इंग्रजीवर. मग चित्रकलेचे सर आणि क्रीडाशिक्षक यांनी काय करायचे? ते फाटकावर थर्मल गन घेऊन उभे राहिले. ज्या मुलांना त्या दिवसांत सर्वांत जास्त गरज मैदानाची आणि रंगांची होती, त्यांच्या कपाळावर ते दोघे रोज तापमान मोजत होते. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

शिपायांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त बोलणार आहे. शाळा उघडायची म्हणजे आधी ती धुवायची. कित्येक शाळांत विलगीकरण कक्ष होते. बाहेरगावाहून आलेल्या लोकांना १४-१४ दिवस वर्गांत ठेवलेले. त्यांच्या चटया, औषधांची रिकामी पाकिटे, भिंतीवर कुणीतरी कोळशाने मोजलेले दिवस, हे सगळे साफ करायचे. सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी ग्रामपंचायतीने एकदा करून दिली. दुसऱ्या दिवसापासून? प्रत्येक सत्रानंतर बाक पुसा, दाराच्या कड्या पुसा, स्वच्छतागृह दिवसातून अनेकदा धुवा. हे काम शिपाईमामांचे. आणि शाळा उघडून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ११ डिसेंबर २०२० ला शासनाचा निर्णय आला, की अनुदानित शाळांमधली चतुर्थश्रेणीची पदे रिक्त होतील तसतशी पुन्हा भरायची नाहीत, त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळेल. हातात पोछा घेतलेल्या माणसाला सांगायचे, की तुझ्यानंतर या जागेवर कुणी येणार नाही. आमचे मामा मला म्हणाले, ‘सर, म्हंजे आता कोरोनाबी गेला की आमीबी जायाचं व्हय?’ मी काही उत्तर दिले नाही. त्यांच्या निवृत्तीनंतर ती जागा भरली गेली नाही.

लेखनिकाचेही तेच. ऑक्सिमीटर, साबण, सॅनिटायझर यांची बिले, संमतीपत्रांची फाइल, रोजची उपस्थिती दुपारपर्यंत वर कळवायची. पोषण आहार शिजत नव्हता, तांदूळ आणि कडधान्य पालकांना कोरडेच वाटायचे होते, त्याच्या सह्या वेगळ्या. आणि जी बाई तो आहार शिजवायची, महिना १५०० रुपये मानधनावर, ती कुठल्याच परतणाऱ्यांच्या यादीत नव्हती. अन्न पुन्हा शिजायला लागले ते मार्च २०२२ मध्ये.

२०२१ चे साल उजाडले ते निवडणुकीने. १५ जानेवारीला राज्यात १४ हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान, त्यावर पुन्हा शिक्षकच. २७ जानेवारीला पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले आणि वाटले, सुटलो. फेब्रुवारीत अमरावतीकडून आकडे वाढायला लागले. पुढचे मी फार सांगणार नाही. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी पाहायचे ते फक्त श्रद्धांजलीचे फोटो. आमच्या तालुक्यातून चांगली चांगली माणसे गेली.

लशीचे काय होते? सुरुवातीच्या आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या व्याख्येत शिक्षक सरसकट नव्हते. लस वयानुसार मिळत गेली. आधी साठीच्या पुढचे, मग एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे. नाक्यावर रात्रपाळी केलेला तिशीतला शिक्षण सेवक आणि लस घेऊन घरी बसलेले त्याचे निवृत्त सासरे, हे चित्र मी पाहिले आहे. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना दार उघडले आणि तुटवड्यामुळे राज्याने त्याच महिन्यात ते पुन्हा लावून घेतले. ऑगस्टच्या अखेरीस केंद्राने शिक्षक दिनाच्या आत सगळ्या शिक्षकांना लस द्यावी म्हणून २ कोटी जादा मात्रा जाहीर केल्या. चांगलेच केले. पण नोव्हेंबरमध्ये ज्याला वर्गात बोलावले, त्याला सप्टेंबरच्या तोंडावर लस देताय, या क्रमाबद्दल मला तक्रार आहे. ‘कोरोना योद्धा’ म्हणून टाळ्या वाजवल्या की क्रम विसरता येतो. साथीत सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाईंचे नावही तेव्हा भाषणांत फार घेतले जायचे. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात गेल्या, तेव्हा मुंबईत हाफकीन यांची लस नुकती कुठे तयार झाली होती. आमच्या वेळी लस होती.

सगळेच वाईट झाले असे नाही. जुलै २०२१ चा कोरोनामुक्त गावांचा निर्णय मला आवडला होता. महिनाभर रुग्ण नसेल तर सरपंचांच्या अध्यक्षतेखालची समिती बसेल, ग्रामपंचायत ठराव करेल, आणि आठवी ते बारावी सुरू होतील. एका वर्गात पंधरा-वीस मुले, एका बाकावर एक. हिवरेबाजारने तर त्याही आधी जूनमध्येच शाळा सुरू केली होती. गावाला जबाबदारी दिली की गाव ती घेते. आमच्या समितीत सरपंच आणि तलाठी भांडले, डॉक्टरांनी दोघांना गप्प केले, पण निर्णय झाला तो आमच्या गावाची स्थिती बघून झाला.

त्यातली एक अट मात्र गोड होती. शिक्षकांनी शक्यतो गावातच राहावे, नाहीतर ये-जा करताना सार्वजनिक वाहन वापरू नये. ज्यांना ‘मुख्यालयी राहणे’, म्हणजे नेमणुकीच्याच गावी राहणे, आणि घरभाडे भत्ता हा आपल्याकडचा जुना तंटा माहीत आहे, त्यांना कळेल की ही अट वाचून ग्रामसभेत कोण कोण हसले असेल. मुलांची शाळा तालुक्याला, बायकोची नोकरी तालुक्याला, गावात भाड्याने मिळणारी खोली एकच आणि तिला न्हाणीघर नाही. शिक्षकांनी मोटारसायकली काढल्या. दोघे-दोघे एका गाडीवर. अंतराचा नियम शाळेच्या फाटकापासून सुरू व्हायचा, असे समजा.

४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून शाळा उघडल्या. आता काही अडणार नाही अशी खात्री होती, आणि दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला. तो पुढे एप्रिलपर्यंत रेंगाळला. वाड्या-वस्त्यांवरून एसटीच्या पासवर येणाऱ्या मुली पुन्हा घरी. रोग कमी झाला, गाडी नाही. माझ्या मते आमच्या भागात काही मुलींचे शिक्षण कोरोनाने नव्हे, या सहा महिन्यांनी संपवले. त्या परत आल्याच नाहीत. शिक्षक घरी जाऊन बोलावून आले. एका घरी तर लग्नाचा मांडव पडला होता.

डिसेंबरमध्ये पहिलीपासूनच्या शाळा उघडल्या, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे मिटल्या, २४ तारखेला पुन्हा उघडल्या. तोवर आम्ही इतके सरावलो होतो की शिपाईमामांनी सॅनिटायझरचा कॅन आत नेऊन ठेवलाच नव्हता.

आणि वर्गात काय सापडले? मुले मोठी झाली होती, हे पहिले. आवाज फुटलेले, गणवेश आखूड झालेले. नववीच्या मुलाला दहा ओळी लिहिल्या की हात दुखायचा. मंडळालाही हे कळले असावे, कारण २०२२ च्या दहावीला मोठ्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला आणि शाळा तिथेच केंद्र केले. मागच्या इयत्तेतले राहिलेले भरून काढायला सेतू अभ्यासक्रम आला होता, ४५ दिवसांचा आणि त्यात तीन चाचण्या, पण २०२१ च्या जुलैत तो बहुतेकांपर्यंत मोबाइलवरच पोहोचला, म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांच्यापर्यंत. मुलांना वाचता-लिहिता किती येते हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०.५ टक्के निघाली. २०१८ मध्ये ती २७.३ होती. आधीच कमी होती, हेही त्यात वाचा.

तुमच्या कामाचे एवढे सांगतो आणि थांबतो. जून २०२० मध्ये ज्यांची नावे पहिलीच्या पटावर चढली, त्यांनी पहिलीचा वर्ग जवळपास पाहिलाच नाही. दुसरी अर्धी गेली. ती मुले यंदा, २०२५-२६ मध्ये, सहावीला आहेत. आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, तुम्हाला त्यांचाच वर्ग मिळण्याची शक्यता आहे. त्यातली काही अजून जोडाक्षराला अडखळतात आणि ते लपवण्यात पटाईत झाली आहेत. पाठ चालू असताना त्यांना उभे करून मोठ्याने वाचायला लावू नका. जागेवर, शेजारी बसून वाचून घ्या, आणि पहिल्या आठवड्यातच घ्या, कारण पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आखणीत, त्यासाठी रकाना नाही.