समुद्र लहान, मूल मोठं

श्रोतेहो, नमस्कार.

रंगमंचावर समुद्र आणायचा असेल तर काय लागतं? एक लांबलचक निळं कापड, ते हलवायला दोन टोकांना दोघं, आणि विंगेत लाटांचा आवाज काढणारा एखादा हुशार माणूस. उरलेला समुद्र प्रेक्षक आपापल्या डोक्यात घेऊनच आलेला असतो.

समुद्रमार्गे पळून जाणाऱ्या निर्वासित मुलांची गोष्ट नाटकात सांगताना नेमकी इथेच गडबड होते, असं माझं मत आहे. मागे भला मोठा पडदा, त्यावर खऱ्या लाटांचं चित्रण, स्पीकरमधून वादळ. त्या सगळ्यात होडीतलं पोर दिसेनासंच होतं. समुद्र मोठा आणि मूल लहान. हे उलटं हवं. पुन्हा सांगतो, समुद्र लहान हवा आणि मूल मोठं हवं.

एका बाहुलीने हे शब्दशः करून दाखवलं. तिची गोष्ट सांगायला मला निमित्त लागत नाही.

तिचं नाव अमल. दहाएक वर्षांची सीरियन मुलगी, आईला शोधायला निघालेली. मुळात ती 'द जंगल' या नाटकातलं छोटंसं पात्र. फ्रान्समधल्या कॅले बंदराजवळच्या निर्वासित छावणीवरचं हे नाटक, 2017 साली लंडनला यंग विक नाट्यगृहात आलं. पुढे ही मुलगी थेट रस्त्यावर उतरवायचं ठरलं. दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने ती वेत आणि कार्बन फायबर वापरून घडवली. उंची साडेतीन मीटर! पायांना उंच काठ्या बांधलेला एक कलावंत तिच्या आत उभा राहतो, चालतो आणि आतल्या तारा ओढून तिचा चेहरा हलवतो. दोघं तिचे हात सांभाळतात, एक जण पाठीमागून आधार देतो. हँडस्प्रिंगवाल्यांचा सगळा भर श्वासावर. बाहुली आधी श्वास घेते, मग पाऊल उचलते. (हाडामांसाच्या नटांनाही हे शिकवायला हवं. संवाद पाठ असतात, श्वास नसतो. आणि प्रयोगाआधी अर्धा तास सत्काराची भाषणं ठोकणाऱ्यांना तर दोन्ही नसतं. असो.)

तर जुलै 2021 मध्ये अमल तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेजवळच्या गाझियानतेपहून निघाली. तिथून समुद्रापलीकडे ग्रीसचं खिऑस बेट. ग्रीसमध्ये मेटिओराच्या मठांजवळ एका ठिकाणी मुलांबरोबर तिची सहल ठरली होती. तिथल्या स्थानिक परिषदेने ठराव करून तिला मज्जाव केला. बाहुलीला मज्जाव! आणि लारिसा शहरात तर विरोध करायला आलेल्या लोकांनी तिच्यावर वस्तू फेकल्या, दगडसुद्धा.

मी या दगडांपाशी नेहमी थांबतो. फेकणाऱ्यांना ती वेताची आहे हे दिसत होतं, आत माणूस आहे हेही माहीत होतं. तरी हात उचलला गेला, कारण त्यांच्या लेखी ती खरीखुरी सीरियन मुलगी होती, गावात शिरलेली. नाटकवाला म्हणून बोलायचं तर, हे बोलताना बरं वाटत नाही, पण पात्र खरं वाटल्याची याहून कडक पावती मला ठाऊक नाही. त्याच प्रवासात व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस तिला भेटले. ऑक्टोबरात इंग्लिश खाडी पार करून ती फोकस्टनच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा स्वागताला लोक जमले होते. तीच बाहुली, तोच वेत.

आता थोडं नेपथ्याबद्दल, कारण वेळ सरत आली. अशा नाटकात केशरी लाइफ जॅकेट हमखास असतं. जानेवारी 2016 मध्ये तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात पोलिसांनी एका कारखान्यातून बनावट लाइफ जॅकेट पकडली, बाराशेहून जास्त. आत तरंगणारा फोम नव्हताच, भलतंच काही भरलेलं होतं. आणि तिथे काम करणाऱ्यांत दोन सीरियन मुली होत्या! व्हिडिओतल्या लाटा बाजूला ठेवा. रिकाम्या मंचावर एक मुलगी ते जॅकेट शिवताना दाखवा. नाटक तिथून सुरू करता येईल.

आणि संपवायचं कुठे? होडी किनाऱ्याला लागली, टाळ्या, पडदा, असं बहुतेकांना सुचतं. मला ते पटत नाही. अमलचा प्रवास सुमारे आठ हजार किलोमीटरचा होता, त्यात समुद्र अगदी थोडा. बाकी सगळी जमीन: सीमा, रांगा, ठराव, दगड. किनाऱ्यावर मुलाला विचारतात, तुझं वय किती, कागद कुठे, बरोबर कोण आहे? कागद नसलेल्या मुलाला स्वतःचं वयसुद्धा सिद्ध करावं लागतं. हा प्रवेश लिहायला अवघड आहे, त्यात एकही लाट नाही, म्हणून तो गाळला जातो. लिहिणाऱ्यांनी आधी तोच लिहावा, समुद्राचं कापड नंतर आणलं तरी चालेल.

नमस्कार.