काइविनकोने : खणायच्या यंत्राचं फिनिश नाव

श्रोतेहो, नमस्कार.

लांब हाताने माती उपसणारं पट्ट्यांवरचं यंत्र दिसलं की आपण म्हणतो, 'पोकलेन आलं.' हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. ते यंत्रालाच चिकटलं. फिनलंडमध्ये याच यंत्राला 'काइविनकोने' म्हणतात, आणि हा शब्द घरच्याच धातूपासून घडवलेला आहे.

तो शेवटाकडून सोडवायचा. 'कोने' म्हणजे यंत्र. विमान 'लेन्तोकोने', म्हणजे उडायचं यंत्र. संगणक 'तिएतोकोने', ज्ञानाचं यंत्र. आता उरलं 'काइविन'. 'काइवा' म्हणजे खण. त्याला साधन दाखवणारा 'इन' प्रत्यय लागला, शेवटचा 'आ' गळला आणि 'काइविन' झालं. आपण किसायची ती किसणी म्हणतो, तशीच ही रीत. विहीर 'काइवो' आणि खाण 'काइवोस', दोन्ही याच धातूची लेकरं.

उच्चारताना जोर पहिल्या 'काइ'वर द्या. विभक्ती लागते ती फक्त शेवटच्या शब्दाला. लिहिताना मध्ये जागा सोडायची नाही. खुद्द फिनिश माणसंही इथे चुकतात.

शिकणारा अडतो तो चालकाच्या नावापाशी: 'काइविनकोनेएनकुल्येत्ताया'. यात 'न' दोनदा येतो आणि दोघांची कामं वेगळी. पहिला 'न' त्या 'इन' प्रत्ययातला. दुसरा षष्ठीचा, म्हणजे आपला 'चा': खणायच्या यंत्राचा चालक. पहिल्यालाच षष्ठी समजलात की सगळी फोड बिघडते.

बाकीची नावंही अशीच हातातल्या कामातून आलेली, आणि खरी गोडी तिथेच आहे. बुलडोझर म्हणजे 'पुस्कुट्राक्टोरी'. 'पुस्केआ' हे बैलाचं शिंगांनी ढुशी मारणं. हा ढुशी मारणारा ट्रॅक्टर. रस्ता सपाट करणारा ग्रेडर 'तिएहॉय्ला', शब्दशः रस्त्याचा रंधा. सुताराच्या रंध्याचं पातं लाकूड तासतं, तसं ग्रेडरचं आडवं पातं मुरूम तासत जातं. माती उचलणाऱ्या बकेटला 'काउहा' म्हणतात. स्वयंपाकघरात सूप वाढायच्या डावालाही हाच शब्द. आणि ज्या पट्ट्यांवर हे यंत्र चालतं, त्यांचं नाव 'तेला'. होडी किनाऱ्यावर ओढून घेताना तिच्याखाली जे गोल ओंडके घालतात, तेही 'तेला'च.