हाफ क्लचवरचा तोल

श्रोतेहो, नमस्कार. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ने मोटरसायकल सरळ धरायला फारसं कसब लागत नाही. कस लागतो तो ताशी पाच-सातला: आरटीओच्या मैदानावरचा आठचा आकडा काढताना, नाहीतर गल्लीत यू-टर्न घेताना.

वेगात गाडी एका बाजूला कलली की पुढचं चाक आपसूक तिकडे वळतं आणि तिला सावरतं. वेग उतरला की ही मदत आटते. मग इंजिनाची ओढ मागच्या चाकाला सलग मिळायला हवी, आणि ती मिळते हाफ क्लचवर. पहिल्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडा. इंजिनाचा आवाज जरा बसतो, गाडी पुढे सरकू बघते. लिव्हर तिथेच धरा. थ्रॉटल थोडा आणि स्थिर. वेग आवरायचा तो मागच्या ब्रेकने, हलकेच. त्याने चेनमधला ढिलेपणा ओढला जातो, गाडी हिसके देत नाही. क्लच जळेल म्हणून लोक घाबरतात. पण आपल्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात असतो, एवढा सराव तो सोसतो. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून उभं राहणं मात्र वाईटच.

हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका. गाडी आतल्या बाजूला कोसळते, आणि पावणेदोनशे-दोनशे किलोची बुलेट एकदा कलली की पाय तिला रोखू शकत नाही. १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना कॉम्बी ब्रेक असतो. तिथे पायाचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचाही लागतो, म्हणून पाय अगदी हलका.

वळताना गाडी आत झुकू द्या, आपण बाहेरच्या बाजूला बसा. मान वळवून जिथे बाहेर पडायचं तिथे बघा. चाकाकडे बघाल तर आकडा फिसकटलाच.

स्कूटरवाल्यांनो, थ्रॉटल पूर्ण सोडला की तुमचा क्लच आपोआप सुटतो, ओढ जाते. थोडा थ्रॉटल ठेवून मागचा ब्रेक घासता ठेवा.

एवढं करूनही गाडी हळू चालताना डुलत असेल तर आधी टायरची हवा बघा, मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. मधल्या स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. सरळ रेषेत येताना खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कोनसेट बदलायला झालाय. नुसता आवळून घेऊ नका. जास्त आवळलेला कोनसेटही गाडी डुलवतो.