भावना कुणाच्या?

(ठाण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

इसवी सन १३२१ च्या एप्रिल महिन्यात आपल्या ठाण्यात चार परदेशी ख्रिस्ती साधूंना ठार मारलं गेलं. या प्रकरणाची सुरुवात झाली ती नवराबायकोच्या भांडणावरून. हे साधू इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं. ती तक्रार घेऊन काझीकडे गेली. साक्षीला कोण आहे असं विचारल्यावर तिने घरी उतरलेल्या पाहुण्यांकडे बोट दाखवलं. काझीने त्यांना बोलावून घेतलं, आणि बघता बघता मारहाण बाजूला राहून धर्माची चर्चा सुरू झाली. शेवटी प्रश्न आला की आमच्या पैगंबरांबद्दल तुमचं मत काय? टोलेंटिनोचा थॉमस हा त्यांच्यातला वडीलधारा. त्यांनी आधी टाळाटाळ केली, पण पुन्हा पुन्हा विचारल्यावर उत्तर दिलं, आणि ते फार कडवट होतं. त्या उत्तरापायी त्यांचे जीव गेले. चौथा साधू तर त्या दिवशी घरी सामान राखत बसला होता. काझीपुढे तो एक शब्दही बोलला नव्हता. त्यालाही नंतर पकडून मारलं.

ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी त्यानंतर थोड्याच काळात इथे आला. या साधूंची हाडं बरोबर घेऊन तो थेट चीनपर्यंत गेला, आणि ही हकिगत त्याने लिहून ठेवली. ठाण्याच्या ज्या अधिकाऱ्याने हे घडू दिलं त्याला दिल्लीच्या सुलतानाने देहदंड दिला, असंही त्याच्याच लिखाणात आहे.

ही गोष्ट सांगताना मला एक धास्ती असते. कुणीतरी एवढीच गोष्ट उचलेल आणि उद्या सकाळी ती चार ग्रुपवर 'बघा, हे लोक असेच' म्हणून फिरेल. म्हणून पुढचंही सांगते. सोळाव्या शतकात याच ठाण्यात आणि वसईत पोर्तुगीज आले. त्यांनी देवळं पाडली, आणि त्यांच्या धर्मन्यायालयाचा धाक इथपर्यंत पोचला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत हे चाललं. आता सत्ता ख्रिस्त्यांची होती, आणि तोंड सांभाळून बोलायची पाळी दुसऱ्यांची.

पण माझा जीव अडकतो तो त्या बाईत. मी तीस वर्षं ठाणे कोर्टात वकिली केली, त्यातली निम्मी तरी घरगुती मारहाणीच्या प्रकरणांत गेली. त्यामुळे असेल. एक बाई अंगावरचे वळ घेऊन न्याय मागायला आली होती. तिच्या तक्रारीची सुनावणी चालू असताना कुणाच्या तरी धर्मभावनेचा प्रश्न उभा राहिला, आणि मग हकिगत साधूंची झाली, काझीची झाली. बाई मागे पडली. माणसाला झालेली इजा आणि श्रद्धेला झालेली इजा एकाच दिवशी एकाच दारात उभ्या राहिल्या, तर आपण आधी कुणाला आत घेतो, हे मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

'भावना दुखावल्या' या शब्दांना आपल्या कायद्यात एक कलम आहे. ते आलं १९२७ मध्ये. लाहोरमध्ये पैगंबरांच्या खाजगी आयुष्यावर हिणकस पुस्तिका निघाली होती. प्रकाशकावर खटला झाला, पण त्या वेळच्या कायद्यात तो गुन्हा बसत नाही म्हणून हायकोर्टाने त्याला सोडलं. लोक खवळले. मग इंग्रज सरकारने दंड संहितेत २९५-अ हे कलम घातलं. कलम आलं, तरी १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. या विधेयकावर मध्यवर्ती कायदेमंडळात चर्चा झाली तेव्हा, इतिहास लिहिणारे, सत्य शोधणारे आणि धर्मावर प्रामाणिक टीका करणारे यांना संरक्षण असलंच पाहिजे, असं बजावणारे सभासद होते बॅरिस्टर जिना. आज हे कलम भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे.

सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये हे कलम वैध ठरवलं, पण कशासाठी? जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानासाठी. अनवधानाने, निष्काळजीपणाने कुणाचं मन दुखलं तर तो या कलमाखाली गुन्हा होत नाही. पोलीस ठाण्यात निवेदन घेऊन जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? माझ्याकडे येणारा प्रत्येक जण 'मॅडम, आमच्या भावना दुखावल्या' इथे सुरू करायचा आणि तिथेच थांबायचा. बोलणाऱ्याचा हेतू काय, हा प्रश्न त्याला पडलेलाच नसायचा.

आता त्याच १९२७ सालाकडे वळू, पण लाहोरहून महाडला. २० मार्चला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळं सार्वजनिक होतं, आणि ते सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. म्हणजे कायद्याने हक्क मिळालेला होता, पण कुणी हात लावला नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मग लाठ्या निघाल्या, माणसं फोडून काढली. त्यानंतर गावातल्या मंडळींनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही आणून तळ्याची शुद्धी केली.

तुम्ही तळ्याच्या काठावर उभे आहात असं समजा. जनावरं पाणी पिऊन जातात, कपडे धुतले जातात, त्याने तळं बाटत नाही. एक माणूस ओंजळभर पाणी पितो, आणि त्या ओंजळीने बाटतं. दुखावलेल्या भावना तिथेही होत्याच! शुद्धी करणारे काही नाटक करत नव्हते, त्यांना खरोखरच विटाळ झाल्यासारखं वाटत होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'भावना खरी आहे' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ती खरी असू शकते आणि तरीही अन्यायाची असू शकते.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडला बापूसाहेब सहस्रबुद्ध्यांनी, म्हणजे जन्माने ब्राह्मण असलेल्या गृहस्थांनी. परिषदेला गावात कुणी जागा देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. २९५-अ येऊन तीनच महिने झाले होते. ग्रंथ जाळल्याने मनं दुखावली असतीलच. एका पारड्यात ती दुखावलेली मनं आणि दुसऱ्या पारड्यात पिढ्यान्पिढ्या काठावर ताटकळलेली, तहानलेली माणसं ठेवली, तर मला वजन करायला वेळ लागत नाही. कोर्टाला मात्र लागला. ही वहिवाट अनादी आहे, असा दावा सवर्णांनी लावला होता. तो अपिलात फेटाळला गेला १९३७ च्या मार्चमध्ये, मुंबई हायकोर्टात. दहा वर्षं!

मी श्रद्धाळू आहे, हे सांगून टाकते. आमच्या घरी माळ आहे. आई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, मीही म्हणते. देवाचा अपमान सहन होत नाही असं कुणी म्हणालं की मला जनाबाई आठवते. तिने पांडुरंगाला 'विठ्या' म्हणून हाक मारली आणि पुढे अशा शिव्या घातल्या की या व्यासपीठावरून मला त्या उच्चारता येणार नाहीत. आज हे कुणी नाव बदलून लिहिलं तर तासाभरात पोलीस ठाण्यासमोर जमाव उभा राहील. सातशे वर्षं वारकरी ते गातो आहे, आणि पांडुरंग विटेवरून हललेला नाही. चोखोबांना त्याच पांडुरंगाच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही. ते दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. देवाचं काय व्हायचं ते झालं नाही, माणसांचं मात्र शतकानुशतकं होत राहिलं.

म्हणून डॉ. दाभोलकरांवर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा, श्रद्धाळू म्हणून, मला शरम वाटली. त्यांचं म्हणणं पटत नसेल तर खोडून काढायला उभा महाराष्ट्र मोकळा होता. देवाधर्माशी नव्हे, शोषणाशी भांडण आहे, असं तो माणूस गावोगाव सांगत होता.

याचा अर्थ कुणीही काहीही बोलावं, असं मी म्हणत नाही. इथे मला पालघरची गोष्ट सांगायची आहे. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा २०१४ मध्ये झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, त्याचा आशय असा की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला लाइक केलं. दोघींना अटक झाली. मजकुरात ना देव होता ना धर्म, तरी सुरुवातीला धर्मभावना दुखावल्याचंच कलम लावल्याच्या बातम्या आल्या. मजकूर लिहिणाऱ्या मुलीच्या डॉक्टर काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मला तेव्हा घरी सामान राखत बसलेला तो चौथा साधू आठवला. अंगठा दाखवल्याबद्दल अटक!

या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी कोर्टाने, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराबद्दल शिक्षा देणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम रद्द केलं. त्या निकालात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस कितीही अप्रिय बोलला तरी त्याचा तो हक्क. तिसऱ्या पायरीवर कायदा हात घालू शकतो.

'तुमच्या धर्मग्रंथातलं हे वाक्य मला पटत नाही' ही चर्चा झाली. 'त्या लोकांकडून भाजी घेऊ नका, त्यांना घर देऊ नका, दिसले की धडा शिकवा' हे त्या तिसऱ्या पायरीकडे नेणारं बोलणं. पहिल्याने श्रद्धेला ओरखडा येतो. दुसऱ्याने कुणाची तरी गाडी उलटते, कुणाचा तरी भाडेकरार फाटतो. आपल्याकडे राग येतो पहिल्याचा, आणि दुसरं आपण फॉरवर्ड करतो. हे मला मान्य नाही. हे उलटं व्हायला हवं, आणि ते होईपर्यंत मी बोलत राहणार आहे.

आपल्या ठाण्यात तलावपाळीच्या आसपास कोपिनेश्वराचं देऊळ आहे, पोर्तुगीज काळापासूनचं चर्च आहे, टेंभी नाक्याला १८७९ चं बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. याचा आपण अभिमान सांगतो, मीही सांगत आले. पण देवळाशेजारी चर्च उभं राहणं वेगळं, आणि माझ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये कोण राहायला येतं ते वेगळं.

आमच्या सोसायटीच्या कमिटीवर मी होते, तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने जायचा होता. एजंटचा फोन आला, 'मॅडम, माणूस चांगला आहे, नोकरी आहे, फक्त नाव बघून घ्या.' मुलगा संध्याकाळी ऑफिसात आला. वय तिशीच्या आत, बायको बरोबर. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात सगळी कागदपत्रं क्रमाने लावलेली. आमच्यातल्या एकांनी पहिलं पान बघितलं, फोल्डर मिटलं आणि म्हणाले, 'आमचं वैयक्तिक काही नाही, पण इथे सगळ्यांच्या भावना असतात.' मंडळी, शब्द तोच. भावना!

मुलगा वाद घालत बसला नाही. त्याने एवढंच विचारलं, 'आधार कार्डाची झेरॉक्स परत मिळेल का?' ती त्याला दिली. त्याने ती फोल्डरमध्ये तिच्या जागी ठेवली, बटण लावलं, आणि दोघं जिना उतरून गेले. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने गेले. मी तिथेच बसले होते. तीस वर्षं कोर्टात बोलणारी बाई, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांवर भेदभाव करता येणार नाही, असं राज्यघटनेचं कलम १५ सांगतं. त्यात चवदार तळ्याची तहान स्पष्ट दिसते. पण त्या यादीत राहतं घर नाही. पारशी सोसायटीने सदस्यत्व फक्त पारशांना द्यायचा नियम केला, तोही सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये ग्राह्य धरला. तेव्हा हे कोर्टात नाही, सोसायटीच्या सभेतच भांडावं लागेल.

पुढच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. आयत्या वेळच्या विषयांत मला बोलायला मिळालं. घडलं ते सगळं सांगितलं, मी गप्प बसले हेही सांगितलं, आणि हे इतिवृत्तात लिहा म्हटलं. बराच गोंधळ झाला, दोघं उठून गेले. शेवटी सेक्रेटरींनी वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, 'भाडेकरूचं पूर्ण नाव काय लिहू?'

मला सांगता येईना. ज्या आडनावावरून आम्ही त्याला परत पाठवलं, तेवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं.